वासराला चीक, पिल्लाला उकिरडा!

वारणानगरचे नाव घेतले की महाराष्ट्रातल्या माणसाला सहकार आठवतो. पन्हाळा तालुक्यात, वारणा नदीच्या काठी तात्यासाहेब कोरे यांनी १९५० च्या दशकात साखर कारखाना उभा केला. १९६८ मध्ये दूध संघ आला. मग बाजार आला, शाळा-कॉलेजे आली, मुलांचा वाद्यवृंद देशभर गाजला. १९९८ मध्ये पंतप्रधान कार्यालयाच्या पुढाकाराने सत्तर गावांना संगणकाने जोडण्याचा प्रकल्प याच भागात सुरू झाला. हे सगळे खरे आहे. ज्याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. आमचा प्रश्न वेगळाच आहे आणि तो ऐकून काही लोक नाकाला रुमाल लावतील. लावू द्या!

प्रश्न असा आहे की, जन्मलेल्या वासराच्या पोटात पहिल्या दिवशी काय गेले पाहिजे हे ज्या पट्ट्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, त्याच पट्ट्यात डुकराच्या पिल्लाच्या पोटात पहिल्या दिवशी काय गेले पाहिजे हे ते पाळणाऱ्या माणसाला कुणी का सांगितले नाही?

या भागात म्हैस व्याली की घरातल्या बाईला काही शिकवावे लागत नाही. रेडकाचे नाक-तोंड पुसायचे, नाळेला आयोडीन लावायचे, वार पडली का ते पाहायचे आणि पहिल्या तासा-दोन तासांत चीक पाजायचा. पिल्लाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका चीक पहिल्या दिवसात पोटात जायला हवा, हा हिशेब आता गोठ्यागोठ्यात पोचला आहे. उरलेल्या चिकाचा खरवस होतो, तो शेजारीपाजारीही जातो. पुढे जंताचे औषध, वासरांचे खाद्य, खनिज मिश्रण, लसी. पशुखाद्याचे पोते संस्थेतून उधारीवर मिळते आणि दुधाच्या बिलातून कापून जाते. हे ज्ञान आभाळातून पडलेले नाही. दूध संघांच्या पर्यवेक्षकांनी, सरकारी दवाखान्यांनी, आकाशवाणीवरच्या शेतकऱ्यांच्या कार्यक्रमांनी आणि कृषी विद्यापीठांच्या पुस्तिकांनी पन्नास वर्षे घासून घासून ते लोकांच्या अंगवळणी पाडले. कारण दुधाच्या मागे पैसा होता, पैशाच्या मागे संस्था होती आणि संस्थेच्या मागे सत्ता होती.

आता महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावाच्या खालच्या अंगाला या, ओढ्याच्या पलीकडे. तिथे डुकरीण व्याली तर तिला आडोसा असतो तो बाभळीच्या काटक्यांचा नाहीतर फुटक्या सिमेंटच्या पाइपाचा. आठ-दहा पिल्ले होतात, चार-पाच उरतात. मेलेल्यांचा कुणी हिशेब ठेवत नाही. "डुकराचेच पिल्लू, मरायचेच!" असे पाळणारा स्वतःच म्हणतो. ही त्याची बेफिकिरी नाही. जे पिढ्यान्‌पिढ्या कानावर पडले तेच तो बोलतो आहे. खरे तर त्या मेलेल्या पिल्लांपैकी पुष्कळशी मरायची नव्हती. आणि जी जगली त्यांच्यातलीही निम्मी खुरटली, ती जात म्हणून नाही, पहिल्या काही दिवसांत पोटात काही गेले नाही म्हणून.

थोडे शास्त्र समजून घेऊ. ते अवघड नाही.

डुकरिणीचा गाभणकाळ साधारण ११४ दिवसांचा, म्हणजे तीन महिने, तीन आठवडे आणि तीन दिवस. पिल्लू जन्मते तेव्हा सुधारित जातीचे असले तर सव्वा ते दीड किलोचे असते, गावठी असले तर त्याहून बरेच हलके. माणसाच्या बाळाला रोगाशी लढणारी काही शिबंदी आईच्या पोटातच वारेतून मिळालेली असते. डुकराच्या वारेची रचना अशी आहे की त्यातून ती जात नाही. पिल्लू या बाबतीत कोरे जन्मते. त्याला जे मिळायचे ते फक्त चिकातून. आणि त्या चिकातले रोगप्रतिकारक घटक आतड्यातून जसेच्या तसे रक्तात घेण्याची खिडकी जेमतेम चोवीस ते छत्तीस तास उघडी असते. दर तासाला ती थोडी थोडी मिटत जाते. चिकाचाही कस तसाच तासातासाने उतरत जातो. एका पिल्लाला जगायला पहिल्या दिवसात किमान दोनशे ग्रॅम चीक लागतो, नीट वाढायला अडीचशे. म्हणजे चहाचे तीन-चार कप. एवढ्यावर त्याचे आयुष्य ठरते!

दुसरी गोष्ट थंडीची. नवजात पिल्लाच्या अंगावर चरबी नाही, केस नाहीत, साखरेचा साठा दिवसभर पुरेल इतकाही नाही. त्याला बत्तीस ते चौतीस अंशांची ऊब लागते. कोल्हापूर-पन्हाळ्याच्या पावसाळ्यात आणि पौषातल्या पहाटे ओल्या जमिनीवर ती कुठून मिळणार? गारठलेले पिल्लू सडापर्यंत पोचत नाही, पोचले नाही म्हणून उपाशी राहते, उपाशी राहिले म्हणून आणखी गारठते, आणि आईजवळ उबेला घुसते तेव्हा तिच्या अंगाखाली चिरडते. लोक म्हणतात, डुकरिणीने पिल्लू मारले. ते आधी भुकेने आणि गारठ्याने अर्धमेले झालेले असते, हे कुणी पाहत नाही. कोरडा उसाचा पाला, भाताचा पेंढा, एखादा बल्ब एवढ्याने पुष्कळ पिल्ले वाचतात. उसाच्या पाल्याला या मुलखात तोटा आहे का?

तिसरी गोष्ट मोठी गमतीची आहे आणि तितकीच बोलकी. जन्मल्यावर दोन-तीन दिवसांत प्रत्येक पिल्लू आपला सड ठरवून घेते आणि दूध तुटेपर्यंत त्याच सडाला लागते. पुढचे, छातीकडचे सड जास्त दूध देतात. ते कुणाला मिळतात? जो आधी जन्मला, जो वजनदार, ज्याने धक्के दिले त्याला. हलके पिल्लू मागच्या सडावर ढकलले जाते. तासाभरातून एकदा पान्हा फुटतो आणि तोही वीसेक सेकंदांचा. त्यात जो मागे राहिला तो राहिला. आठव्या आठवड्यात शेजारी शेजारी उभी केली तर एकाच वेतातली दोन पिल्ले दोन वेगळ्या आयांची वाटतात. मग आपण म्हणतो, हे मुळातच मरतुकडे! पहिल्या दिवशी कोण कुठे ढकलला गेला ते कुणालाच आठवत नाही. ही गोष्ट वाचून वाचकांना दुसरे काही आठवले तर त्याला आमचा इलाज नाही.

जो माणूस समोर बसून आहे तो मात्र ढकलाढकलीत हस्तक्षेप करू शकतो. पिल्ले जन्मली की धडधाकट चार-पाच पिल्ले टोपलीत घालून तास-दीड तास बाजूला उबेला ठेवायची आणि हलक्यांना निवांत चीक पिऊ द्यायचा, मग अदलाबदल करायची. एका डुकरिणीला सडांपेक्षा जास्त पिल्ले झाली आणि शेजारची त्याच दिवसात व्यालेली असली तर चीक पोटात गेल्यावर, पहिल्या एक-दोन दिवसांतच जास्तीची पिल्ले तिकडे लावायची. याला पैसा लागत नाही. जागरण लागते आणि कळावे लागते. थोडक्यात, आरक्षण म्हणा हवे तर. जो मागे ढकलला गेला त्याला सडाशी नेऊन लावणे एवढाच त्याचा अर्थ, आणि त्याने धडधाकट पिल्लाचे काहीही बिघडत नाही.

मग येते लोह. पिल्लू जन्मताना चाळीस-पन्नास मिलिग्रॅम लोह घेऊन येते. रोज त्याला सात ते दहा मिलिग्रॅम लागते. आईच्या दुधातून मिळते एक मिलिग्रॅमच्या आसपास. आठवडाभरात शिल्लक संपते. पिल्लू पांढरे पडते, धापा टाकते, अंगावर केस वाढतात, हगवण लागते. मोकाट फिरणारे पिल्लू माती उकरून खाते आणि मातीतून त्याला थोडे लोह मिळते. म्हणून गंमत अशी की कुणी हौसेने सिमेंटची कोबा केलेली शेड बांधली, पिल्ले 'स्वच्छ' ठेवली आणि लोहाचे इंजेक्शन दिलेच नाही तर त्याची पिल्ले उकिरड्यावरच्या पिल्लांपेक्षा लवकर खंगतात. शेड आली, शास्त्र आले नाही! तिसऱ्या-चौथ्या दिवशी दोनशे मिलिग्रॅम लोहाचे आयर्न डेक्स्ट्रानचे एक इंजेक्शन, एवढाच त्यावरचा उपाय. त्याला लागणारा पैसा पिल्लाच्या किमतीपुढे काहीच नाही.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात डुकरिणीचे दूध कळसाला पोचते आणि मग उतरते. पिल्लांची भूक मात्र चढतच असते. ही दरी भरायला पिल्लांसाठी वेगळे खाणे लागते. दहाव्या ते चौदाव्या दिवसापासून एका कोपऱ्यात, जिथे पिल्लू शिरेल पण आई शिरणार नाही अशा आडव्या बांबूच्या मागे, ते मूठ-मूठ ठेवायचे. भाजलेल्या मक्याचा भरडा निम्म्यापेक्षा जास्त, सोयाबीनची पेंड, थोडी सुकी मासळी, खनिज मिश्रण, चिमूटभर मीठ आणि गोडीला गूळ. प्रथिने वीस ते बावीस टक्के असावीत. कोल्हापूरच्या माणसाला गूळ आणि सोयाबीन कुठे मिळते हे सांगायला नको. फक्त एक सावधगिरी: शेतातले कच्चे सोयाबीन तसेच भरडून घालू नये. त्यात प्रथिने पचू न देणारा घटक असतो, तो उष्णतेने मरतो. तेल काढलेली भाजकी पेंड किंवा नीट भाजलेले दाणेच वापरावेत.

सुरुवातीला पिल्ले हे खाणे खात कमी आणि उधळत जास्त. त्यामुळे "वाया जाते" म्हणून लोक ते बंद करतात. पण त्याचे काम पोट भरण्याचे नसतेच, आतडे तयार करण्याचे असते. जन्मताना पिल्लाच्या आतड्याला फक्त दूध पचवता येते. धान्यातली पिठूळ साखर आणि वनस्पतींची प्रथिने पचवणारे रस पुढच्या काही आठवड्यांत तयार होतात आणि त्या खाण्याची ओळख झालेले पिल्लू दूध तुटल्यावर लवकर खायला लागते. ज्याला ही ओळख झालेली नसते ते दूध तुटल्यावर दोन-तीन दिवस काहीच खात नाही. आतड्याच्या आतली मखमल झडते, हगवण लागते. दूध तुटल्यावरचा तो एक आठवडा ज्याला वजन वाढवत काढता आला ते डुक्कर पुढे बाजारात कितीतरी दिवस आधी उभे राहते. जगभर मोठ्या फार्मवर तीन-चार आठवड्यांतच दूध तोडतात. आपल्याकडच्या लहान पाळणाऱ्याने त्यांची नक्कल करू नये. सहा ते आठ आठवडे आईजवळ राहू द्यावे, आणि जितके जास्त राहील तितके बाजूचे खाणे महत्त्वाचे.

सगळे आईच्या सडावरच संपते असेही नाही. स्नायूंचे तंतू किती असतील हे पिल्लू पोटात असतानाच जवळजवळ ठरून जाते. पुढे तंतू जाड होतात, त्यांची संख्या वाढत नाही. म्हणून गाभण डुकरिणीला शेवटच्या महिन्यात उपाशी ठेवणे म्हणजे न जन्मलेल्या पिल्लाचा घास काढणे. व्यालेल्या डुकरिणीला दोन-अडीच किलो खाद्य तिच्या अंगाला आणि वर दर पिल्लामागे पाव किलो असा साधा हिशेब धरतात. आणि पाणी. दूध पाण्याचे होते, हे म्हशीच्या बाबतीत सगळ्यांना कळते.

नंतर भरपूर खाऊ घातले तर भरून निघत नाही का? हाच खरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर साठ वर्षांपूर्वीच मिळाले आहे. इंग्लंडमध्ये केंब्रिजला मॅकन्स आणि एल्सी विड्डोसन या दोन शास्त्रज्ञांनी हे तपासले. त्यांनी उंदरांची पिल्ले काही आयांकडे तीन-तीन अशी लावली आणि काहींकडे पंधरा-वीस. तिघांतल्या प्रत्येकाला पोटभर दूध, वीसांतल्या प्रत्येकाला अर्धपोटी. दूध तुटल्यावर सगळ्यांना हवे तितके खायला दिले. अर्धपोटी वाढलेली पिल्ले शेवटपर्यंत लहानच राहिली. उलट, मोठी झाल्यावर काही काळ उपाशी ठेवलेली उंदरे पोटभर खायला मिळताच पुन्हा वजनाला आली. मग त्यांनी डुकरे घेतली. वर्षभर त्यांना इतके कमी खायला दिले की ती कोवळ्या पिल्लांएवढीच, पाच-सहा किलोचीच राहिली. वर्षानंतर मनसोक्त खाऊ घातले. ती वाढली, झपाट्याने वाढली, पण बरोबरीच्या डुकरांइतकी कधीच झाली नाहीत. थोराड डुकराची दोन महिन्यांची उपासमार बऱ्याच अंशी भरून निघते. पिल्लाची तशी निघत नाही. "मुलाचे पाय पाळण्यात दिसतात" ही म्हण आपण नशिबाच्या अर्थाने वापरतो. पाळण्यात पाय दिसतात ते पाळण्यातल्या पोटाला काय मिळाले त्यावरून.

त्या दोघांना डुकरांचे मांस वाढवायचे नव्हते. दुसऱ्या महायुद्धानंतर विड्डोसन यांनी जर्मनीतल्या उपाशी मुलांचा अभ्यास केला होता. डुकराचे पोट, कातडी, पचन माणसाच्या बाळाशी पुष्कळ जुळते, म्हणून शास्त्रज्ञ डुकराकडे वळतात. आज सरकार 'पहिले हजार दिवस' म्हणून जे पोस्टर अंगणवाडीत लावते त्याच्या मागे अशा प्रयोगांची पुण्याई आहे. म्हणजे ज्या वस्तीतल्या पिल्लाला चीक मिळत नाही, त्याच वस्तीतल्या ऊसतोड करणाऱ्या बाईचे बाळ फडाच्या बांधावर झोळीत असते आणि तिला पाजायला वेळ मिळत नाही. दोघांचेही वजन कुणी करत नाही. हा योगायोग नव्हे.

आता पाळणाऱ्याविषयी बोलू. महाराष्ट्रात डुकरे कोण पाळतात हे सगळ्यांना माहीत आहे: कैकाडी, मांग गारुडी, काही ठिकाणी वडार आणि असेच गावकुसाबाहेरचे इतर समाज. नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' २०१४ मध्ये चित्रपटगृहांत आला तेव्हा शहरातल्या अनेकांना पहिल्यांदा कळले की कैकाडी बोलीत डुकराला फँड्री म्हणतात. गावाला डुक्कर नको असते. डुक्कर पकडणारा मात्र हवा असतो, आणि तोही फुकटात, शिव्या खात. यातले काही समाज इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने गुन्हेगार ठरवले होते, ते १९५२ मध्ये विमुक्त झाले. कैकाडी माणूस विदर्भातल्या ठराविक जिल्ह्यांत अनुसूचित जातीत आणि कोल्हापुरात विमुक्त जातीत मोडतो. एकच माणूस, एकच डुक्कर, पण जिल्हा बदलला की योजना बदलते! अशा माणसाकडे ना जमीन, ना तारण, ना सोसायटीचे सभासदत्व. उसाला जमीन लागते म्हणून कारखान्यात तो नाही. दुधाला निदान एक म्हैस पुरते म्हणून दूध संस्थेत काही भूमिहीन शिरले, हे मान्य करू. डुकराला मात्र दूध संघासारखा, गावोगाव केंद्र असलेला सहकारी संघ या राज्यात आमच्या पाहण्यात नाही.

इथे आमचेच काही मित्र आक्षेप घेतील. १९२७ च्या मार्चमध्ये महाडला बाबासाहेबांनी मेलेले ढोर ओढू नका, मृत मांस खाऊ नका, गावकीची हलकी कामे सोडा असे सांगितले, आणि तुम्ही लोकांना पुन्हा डुकराच्या मागे धाडता? आक्षेप खरा आहे, त्याला टाळून पुढे जाता येणार नाही. शिकलेल्या पोराने डुकरे राखावीत असे कोणीही म्हणू नये. ज्याला हा धंदा सोडायचा आहे त्याला सोडता आला पाहिजे, त्याच्या मुलाला शाळेत कुणी डुक्करवाल्याचा म्हणून चिडवता कामा नये, हे पहिले. पण महाडचा नकार कशाला होता ते नीट पाहावे. तो जातीने लादलेल्या, मोबदल्याविना करायच्या, माणूसपण हिरावणाऱ्या कामाला होता. ज्याची मालकी स्वतःची आहे, ज्याचा भाव काट्यावर ठरतो आणि जो वाटेल त्या दिवशी सोडता येतो अशा धंद्याला तो नव्हता. डुक्कर हलके नाही, ते पाळणाऱ्याला हलके ठरवणारी नजर हलकी आहे. गुरे पाळली तर गोपालक, कोंबड्या पाळल्या तर पोल्ट्री उद्योजक आणि डुकरे पाळली तर...? सरकारी कागदावर 'वराहपालन' असा संस्कृत शब्द घातला की विटाळ फिटतो, असे दिसते.

दुसरा धोका मात्र आम्हाला जास्त वाटतो. धंद्यात पैसा आहे असे दिसले की तो आपल्या हातून जातो. चामड्याचे तेच झाले. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय पशुधन अभियानात २०२१-२२ पासून डुक्करपालनाच्या मोठ्या युनिटला ५० टक्के, ३० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. शंभर माद्या आणि दहा नर, जागा, शेड, आणि उरलेली रक्कम स्वतःची किंवा बँकेची. चार डुकरिणी असलेल्या माणसाला हे कागद कोणती बँक देणार? म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या शिव्या खाल्ल्या एकाने आणि अनुदान खाणार दुसरा. मोठ्या युनिटला अनुदान जरूर द्या, पण दहा-दहा कुटुंबांच्या गटाला, प्रत्येकी पाच-दहा माद्यांवर, ते का मिळू नये?

सरकारने पूर्वी या धंद्यात पाऊल टाकलेच नव्हते असे नाही. पंचवार्षिक योजनांच्या सुरुवातीच्या काळात अलीगढ, हरिणघाटा, गन्नावरम आणि मुंबईत बोरिवली इथे डुक्कर पैदास केंद्रे आणि मांसाचे कारखाने निघाले. विलायती लार्ज व्हाइट यॉर्कशायर जातीचे नर आले. त्यातून शहरातल्या हॉटेलांना हॅम-बेकन मिळाले. ओढ्यापलीकडच्या माणसाला काय मिळाले, ते ज्याने त्याने शोधावे. २००२ मध्ये गुवाहाटीजवळ राणी इथे राष्ट्रीय डुक्कर संशोधन केंद्र सुरू झाले. ईशान्येत डुकराला विटाळ नाही, तिथे ते घराघरातले बँकेचे पासबुक आहे. २०१९ च्या पशुगणनेत देशात ९० लाखांवर डुकरे मोजली गेली, त्यातली २१ लाख एकट्या आसामात. देशाचा आकडा २०१२ पेक्षा बारा टक्क्यांनी उतरला होता. आपल्या शेजारी गोव्यात 'अगोंडा गोवन' ही स्थानिक जात आता अधिकृत नोंदणी मिळालेली जात आहे. गोव्यात नोंदणी आणि घाटावर गटार, एवढाच काय तो फरक!

एक कडू गोष्ट आपल्या लोकांनाही सांगितली पाहिजे. मोकाट डुक्कर फुकट वाढते हा भ्रम आहे. सुधारित डुक्कर नीट खाऊ घातले तर सात-आठ महिन्यांत ऐंशी-नव्वद किलोला जाते, उकिरड्यावरचे गावठी वर्षभरात त्याच्या निम्म्यालाही क्वचितच पोचते. शिवाय माणसाची विष्ठा खाणाऱ्या डुकराच्या मांसात फीतकृमीचे दाणे होतात. त्या किड्याची अंडी अस्वच्छ हातांतून, पाण्यातून माणसाच्या पोटात गेली तर मेंदूत गाठी होऊन फेफरे येते, आणि ते आधी पाळणाऱ्याच्याच वस्तीत येते. हॉटेलचे खरकटे पिंपात भरून आणणाऱ्यांनीही सावध राहावे. २०२० मध्ये आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा रोग ईशान्येतून देशात शिरला. त्याला औषध नाही, एका आठवड्यात गोठा रिकामा होतो, आणि तो कच्च्या मांसाच्या तुकड्यांतून, खरकट्यातून पसरतो. खरकटे द्यायचेच तर अर्धा तास खळखळ उकळून, थंड करून द्यावे. आणि लहान पिल्लांना ते देऊच नये. तेलकट-तिखट खरकट्यावर त्यांचे कोवळे आतडे टिकत नाही.

डुक्करपालनात शंभरातले सत्तर रुपये खाद्यावर जातात. लहान पिल्लू दोन किलो किंवा त्याहून कमी खाद्यात एक किलो वाढते, मोठ्या डुकराला त्याच एका किलोसाठी तीन-साडेतीन किलो लागते. म्हणजे स्वस्तात वजन मिळते ते पहिल्या दोन महिन्यांतच, आणि नेमका तोच काळ आपण वाऱ्यावर सोडतो. समजा, दूध तुटताना एक पिल्लू सहा किलोचे आहे आणि दुसरे बारा किलोचे. दोघांनाही पुढे सारखाच खर्च केला तरी सहा किलोवाले बाजाराला महिना-दीड महिना मागे राहते. तेवढे दिवस त्याला फक्त जगवण्यासाठी जे खाद्य जाते ते पाळणाऱ्याच्या खिशातून. शिवाय पुष्कळ ठिकाणी व्यापारी काटा लावतच नाही. डोळ्यांनी अंदाज करतो आणि "एवढ्याला दे" म्हणून उचलतो. दूध संस्थेत फॅटच्या पॉइंटवर भांडणारा शेतकरी आणि स्वतःच्या जनावराचे वजनच माहीत नसलेला हा माणूस, यांच्यातले अंतर एका तराजूचे आहे.

म्हणून वारणेच्या किंवा कोणत्याही पट्ट्यातल्या आपल्या तरुणांना, खास करून पशुवैद्यकाची पदविका घेऊन नोकरीची वाट पाहणाऱ्यांना, सांगणे आहे की अनुदानाची वाट पाहण्याआधी एक ताणकाटा घ्या. कापडाची झोळी करून पिल्लू त्यात टांगता येते. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन पिल्लांसाठी लोहाचे इंजेक्शन मागा. नसेल तर का नाही ते लेखी मागा, माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. वस्तीतल्या चार-पाच घरांत कोणती डुकरीण कधी भरली त्याची तारीख लिहा, त्यात ११४ दिवस मिळवा आणि त्या रात्री तिथे जागे राहा. बायांना सोबत घ्या. पिल्लांचे जे काही करायचे ते बहुतेक घरी त्याच करतात. वहीला तीन रकाने पुरतात: जन्माचे वजन, तीन आठवड्यांचे वजन, दूध तुटतानाचे वजन. मेलेल्या पिल्लासमोरही तारीख आणि वजन लिहा. दोन वेतांनंतर ती वही घेऊन गटविकास अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवा आणि मग दहा घरांचा गट मागा.